अपडेट आलं आणि अँटिव्हायरस गप्प झाला: नवख्यांनी काय करावं, पायरीपायरीने

अकरा दिवस माझ्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस चालू नव्हता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री सिस्टिमचं मोठं अपडेट बसलं, सकाळी सगळं नेहमीसारखं दिसलं. कोपऱ्यातलं ढालीचं चिन्ह जागेवर होतं. पण सतत पहारा देणारा भाग नव्या आवृत्तीवर सुरूच होत नव्हता. कंपनीने जुळणारी आवृत्ती काढली तेव्हा तिच्या सूचनेत हे वाचलं, मग लॉग, म्हणजे साधनाने ठेवलेली आपल्या कामाची नोंद, उघडून तारखा मोजल्या. नुकसान काही झालं नाही. पण त्या दिवसांत मी बँकेचे व्यवहार केले होते, अनोळखी लोकांकडून आलेल्या फाइली उघडल्या होत्या.

असा अनुभव आला की पहिला विचार येतो, अपडेटच बंद करून टाकू. अनेक जण करतातही. कृपा करून ते करू नका. वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे ५९ दिवस आधी. ज्यांनी ते बसवलं नव्हतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या फाइलींना कुलूप लागलं.

मग करायचं काय? अपडेट बसवायचं, पण कोणतं आधी, कोणतं नंतर आणि किती दिवसांनी, हे आपण ठरवायचं. ते कसं ठरवायचं त्याच्या पायऱ्या खाली आहेत. संगणकाचं खास ज्ञान लागत नाही, पहिल्यांदा एखादा तास बसावं लागतं.

आधी हे समजून घ्या: तुटतं का?

साधं सॉफ्टवेअर सिस्टिमच्या वरच्या मजल्यावर राहतं. गाण्यांचा प्लेअर घ्या, सिस्टिमने आतून काहीही बदललं तरी त्याला फारसा फरक पडत नाही. सुरक्षेचं सॉफ्टवेअर तसं नसतं. प्रत्येक फाइल उघडताना, प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना, नेटवर्कवरून काही येता-जाताना त्याला मध्ये उभं राहावं लागतं. त्यासाठी ते कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, आपला ड्रायव्हर (गाभ्याशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम) बसवतं. गाभा बदलला की पहिला धक्का यालाच बसतो.

जानेवारी २०१८ मधली गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाचे प्रोसेसरमधले दोष उघड झाले आणि मायक्रोसॉफ्टने घाईने विंडोजचं अपडेट काढलं. काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत परवानगी नसलेल्या पद्धतीने हात घालत होते. नव्या अपडेटनंतर तसं केलं की संगणक निळी स्क्रीन दाखवून बंद पडायचा. मग मायक्रोसॉफ्टने अट घातली: अँटिव्हायरसने 'मी नव्या अपडेटशी जुळतो' अशी खूण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, ठेवायची, खूण नसेल तर अपडेट मिळणार नाही. परिणाम असा की ज्यांचा अँटिव्हायरस मागे पडला होता, त्यांना सुरक्षेची अपडेट मिळणंच थांबलं. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूनेच संरक्षणाची वाट अडवली.

मॅकवर हाच प्रकार वेगळ्या रूपात झाला. ॲपलने बाहेरच्या कंपन्यांना कर्नलमधून हळूहळू बाहेर काढलं. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत जुनी पद्धत मोडीत निघणार असं सांगितलं, २०२० च्या बिग सरपासून ती सहजासहजी चालेनाशी केली. कंपन्यांना आपली साधनं नव्याने लिहावी लागली. माझ्या मते ॲपलचा निर्णय योग्य होता, कारण गाभ्यात जितकी कमी गर्दी तितकी सिस्टिम स्थिर. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये सिक्वोया आवृत्ती आली तेव्हा अनेक सुरक्षा साधनांचं नेटवर्कचं काम बिघडलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलेल्या १५.०.१ मध्ये ॲपलला सुधारणा करावी लागली. मोठ्या आवृत्तीच्या पहिल्या दिवशी उडी मारू नये, असं मी म्हणते ते यामुळेच.

पायरी १: काय काय बसवलंय त्याची यादी करा

कागदावर केली तरी चालेल. अँटिव्हायरस, फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी भिंत), व्हीपीएन (नेटवरचा तुमचा पत्ता लपवणारी जोडणी), पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सांभाळणारं साधन), बॅकअपचं सॉफ्टवेअर, डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फाइलींना कुलूप), ब्राउझरमधली जाहिराती किंवा स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) रोखणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: आवृत्तीचा क्रमांक, वर्गणी किंवा लायसन्स कधी संपतं, आणि कंपनीच्या साइटवर 'कोणकोणत्या सिस्टिमवर चालतं' हे सांगणारं पान कुठे आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये ते पान लागणार आहे, म्हणून आताच बुकमार्क करा.

यादी करताना बहुतेकांना एक धक्का बसतो: दोन अँटिव्हायरस सापडतात. एक आपण घेतलेला, दुसरा संगणकाबरोबर आलेला आणि मुदत संपून पडून असलेला. दोन्ही एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालतात, संगणक रडतखडत चालतो आणि अपडेटच्या वेळी भांडण दुप्पट होतं. एक ठेवा. दुसरा काढताना नेहमीच्या 'अनइन्स्टॉल'वर थांबू नका. बहुतेक मोठ्या कंपन्या आपला अँटिव्हायरस मुळासकट काढणारं वेगळं छोटं साधन देतात, ते वापरा. अर्धवट उरलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटला हमखास नडतो.

आणि हेही विचारा: बाहेरचा अँटिव्हायरस लागतोच का? विंडोजबरोबरच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस आणि विंडोज एकाच घरातले, त्यामुळे त्यांच्यात जुळवाजुळवीची अडचण कमी येते. घरगुती वापरासाठी डिफेंडर, नीट अपडेट केलेला ब्राउझर आणि चांगला पासवर्ड मॅनेजर एवढं पुष्कळ होतं, असं माझं मत आहे. कामाच्या ठिकाणी नियम वेगळे असतात, तिथे स्वतःच्या मनाने काही काढू नका.

पायरी २: परतीची वाट आधी तयार करा

तहान लागल्यावर विहीर खोदायची नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू आहे. संगणक सुरूच होत नसताना बॅकअप घेता येत नाही.

फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा. विंडोजवर रीस्टोअर पॉइंट (सिस्टिम आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) सुरू आहे ना, ते बघा; अनेक संगणकांवर तो बंद असतो. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय वापरा. मॅकवर तर जास्तच काळजी हवी, कारण मोठ्या आवृत्तीवरून मागे यायचं तर बहुधा डिस्क पुसून सगळं पुन्हा बसवावं लागतं. लिनक्सवाल्यांचं याबाबत नशीब चांगलं. लिनक्सच्या बहुतेक वितरणांमध्ये (तयार रूपांत) जुना कर्नल तसाच राहतो आणि सुरू होतानाच्या मेनूतून तो निवडता येतो.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट: डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की. विंडोजवर बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी की असते. आज अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपण न सांगताच चालू झालेलं असतं. अपडेटनंतर किंवा सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह संगणक सुरू करण्याच्या पद्धतीत) जाताना संगणक ही की मागू शकतो. नसेल तर तुमच्याच फाइलींसमोर तुम्ही परके. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का, हे आत्ता दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून उघडून बघा, आणि कागदावर उतरवून ठेवा.

याची किंमत काय असते ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या साधनासाठी एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. कुंपणानेच शेत खाल्लं. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर अडकलेले संगणक आपोआप सुटले नाहीत. बहुतेक ठिकाणी एकेका संगणकापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसावी लागली, आणि बिटलॉकरची की हाताशी नसलेल्यांचे हाल झाले. मला यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अनेक संस्थांनी त्या साधनाची मुद्दाम एक आवृत्ती मागची ठेवली होती, तरी त्यांनाही फटका बसला, कारण ती फाइल म्हणजे साधनाची नवी आवृत्ती नव्हती, त्यामुळे तो नियम तिला लागूच नव्हता. तेव्हा खाली सांगितलेली सगळी काळजी घेतली तरी परतीची वाट लागतेच.

पायरी ३: कोणतं अपडेट किती थांबवायचं ते ठरवा

'अपडेट' या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अँटिव्हायरसची व्हायरस ओळखण्याची यादी दिवसातून कित्येकदा बदलते. ती कधीही थांबवू नका.

सिस्टिमचं सुरक्षेचं मासिक अपडेट. मायक्रोसॉफ्ट हे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते, तारीख आधीच ठाऊक असते. मी हे तीन ते पाच दिवस थांबवते. तेवढ्या वेळात मोठा बिघाड असेल तर त्याची बोंब उठलेली असते. हल्लेखोर आधीच तो दोष वापरत आहेत, अशी बातमी असेल तर त्याच दिवशी बसवते, काही तुटलं तर तुटलं.

मोठी नवी आवृत्ती, जिच्यात नवे मेनू आणि नवी वैशिष्ट्यं येतात. इथे घाई अजिबात नको. एक-दोन महिने खुशाल थांबा, फक्त सध्याच्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट मिळत आहेत याची खात्री करा. ती मिळणं बंद झालं की थांबण्यात शहाणपण उरत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'माझा अँटिव्हायरस विंडोज १० वरच छान चालतो' हे त्यावर राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

ही थांबवाथांबवी कुठून करायची? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, तिथे अपडेट काही आठवडे थांबवण्याची सोय आहे. पाच आठवडे ही तिची कमाल मर्यादा. ती संपली की आधी अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. त्याच पानावर 'नवी अपडेट मिळताच लगेच द्या' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद ठेवा. त्यामुळे सुरक्षेची अपडेट अडत नाहीत, फक्त बाकीच्या नव्या गोष्टींच्या रांगेत तुम्ही पुढे उभे राहत नाही. मॅकवर स्वयंचलित अपडेटच्या सेटिंगमध्ये वेगवेगळी बटणं आहेत: संपूर्ण आवृत्ती आपोआप बसवण्याचं बंद करा, सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्यांचं चालू ठेवा.

एखाद्या वेळी सगळ्यांना नवी विंडोज आवृत्ती मिळते आणि तुम्हालाच मिळत नाही. ती चूक असेलच असं नाही. तुमच्या संगणकावरचा एखादा ड्रायव्हर किंवा सुरक्षा साधन जुळत नाही हे मायक्रोसॉफ्टला ठाऊक असेल, तर ती कंपनी अशा संगणकांपुरतं अपडेट रोखून धरते. तेव्हा इंटरनेटवरच्या क्लृप्त्या वापरून ते जबरदस्तीने बसवू नका.

पायरी ४: क्रम पाळा

या लेखातली एकच गोष्ट अंगी बाणवायची तर ही. आधी सुरक्षा साधनाची नवी आवृत्ती, मग सिस्टिमचं अपडेट. बहुतेक लोकांकडून नेमकं उलट होतं, कारण सिस्टिम स्वतःहून रात्री अपडेट होते आणि अँटिव्हायरसची नवी आवृत्ती 'नंतर आठवण करा' म्हणत आठवडेच्या आठवडे मागे राहते.

म्हणून मासिक अपडेटच्या आधी अँटिव्हायरस आणि व्हीपीएन उघडून नवी आवृत्ती आहे का बघा, असेल तर बसवा, संगणक रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळू नका, नवा ड्रायव्हर बहुधा त्यानंतरच जागा घेतो. मोठ्या आवृत्तीच्या वेळी बुकमार्क केलेलं पान उघडा आणि तुमच्या साधनाची नेमकी आवृत्ती त्या सिस्टिमवर चालते असं लिहिलेलं आहे का ते वाचा. 'लवकरच' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्या.

अपडेट बसताना अँटिव्हायरस बंद ठेवावा का, असं अनेक जण विचारतात. सहसा गरज नसते. साधनाच्या कंपनीने तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच करा, आणि काम झाल्यावर तो पुन्हा चालू झालाय हे स्वतः बघा.

पायरी ५: अपडेटनंतर दहा मिनिटं तपासणी

माझे अकरा दिवस इथेच हुकले होते. मी चिन्ह बघितलं, काम बघितलं नाही.

अँटिव्हायरसचं काम तपासायला एक जुनी, निर्धोक युक्ती आहे: आयकार चाचणी फाइल. ६८ अक्षरांची ही छोटीशी फाइल व्हायरस नसते, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरस समजून पकडायचं ठरवलेलं आहे. आयकार संस्थेच्या अधिकृत साइटवरूनच ती उतरवा. अँटिव्हायरसने लगेच अडवली तर पहारा जागा आहे. निमूटपणे डिस्कवर उतरली आणि उघडलीही, तर चिन्ह कितीही हिरवं असो, पायरी ६ कडे जा. कामाच्या संगणकावर ही चाचणी आधी विचारूनच करा, नाहीतर तिकडे खरी धोक्याची घंटा वाजेल.

विंडोजवर विंडोज सिक्युरिटी उघडून तिथे कोणता अँटिव्हायरस चालू दाखवतोय तेही बघा. मॅकवर मोठ्या अपडेटनंतर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन अँटिव्हायरसला संपूर्ण डिस्क वाचायची परवानगी अजून आहे ना ते पाहा. ती गेली असेल तर तो चालू दिसतो, पण आंधळा असतो. व्हीपीएन जोडा आणि आयपी पत्ता (नेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) बदलतो का ते तपासा. पासवर्ड मॅनेजर एका साइटवर वापरून पाहा. बॅकअपची शेवटची तारीख बघा.

ब्राउझरचं वेगळं दुखणं

ब्राउझर सिस्टिमपेक्षा कितीतरी वेगाने बदलतात. फायरफॉक्स २०२० पासून आणि क्रोम २०२१ पासून साधारण चार आठवड्यांनी नवी आवृत्ती देत आले आहेत. एवढ्या वेगात एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांची, त्यातही फुकट आणि हौसेने लिहिणाऱ्यांची, फरफट होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन एका दिवसात निकामी झाली. मे २०१९ मध्ये तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक्स्टेन्शनची ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जवळपास सगळ्यांची एक्स्टेन्शन आपोआप बंद पडली, त्यात स्क्रिप्ट रोखणारी आणि पासवर्ड सांभाळणारीही होती. क्रोमने एक्स्टेन्शनची नवी चौकट सक्तीची केल्यावर यूब्लॉक ओरिजिनसारखं लोकप्रिय साधन त्यात मूळ रूपात चालेनासं झालं. वापरणाऱ्यांचा राग मला पटतो. ज्या गोष्टीमुळे लोक फसव्या जाहिरातींपासून वाचत होते तीच काढून घेतली गेली.

तरीही ब्राउझरचं अपडेट थांबवू नका. तुम्ही रोज अनोळखी जगाशी बोलता ते याच खिडकीतून. स्थिरता हवी असेल तर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती घ्या: तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, मोठे बदल मात्र साधारण वर्षातून एकदाच. दुसरा एखादा ब्राउझर बसवून ठेवा, म्हणजे एक बिघडला तर काम अडत नाही. पासवर्ड मॅनेजर फक्त एक्स्टेन्शनच्या भरवशावर ठेवू नका. त्याचं स्वतंत्र ॲप फोनवरही ठेवा आणि मुख्य पासवर्ड पाठ असू द्या.

अँटिव्हायरसने ब्राउझरमध्ये घुसवलेली जोडणी मात्र काढली तरी चालते. गूगलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की विंडोजवर ज्यांच्या क्रोममध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर आपला कोड घुसवतं, त्यांचा क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते.

पायरी ६: तुटलंच, तर

संगणक सुरू होत असेल तर आधी नेट बंद करा, मग शांतपणे बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरक्षा साधनाची नवी आवृत्ती आली आहे का ते फोनवरून पाहा. आली असेल तर फक्त तीच बसवण्यापुरतं नेट जोडा. नसेल तर साधन काढून पुन्हा बसवून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यावर भागतं. तरी जमलं नाही तर ते साधन तात्पुरतं पूर्ण काढा आणि विंडोजवर असाल तर डिफेंडर आपोआप कामाला लागलाय ना ते बघा. सिस्टिमचं अपडेट मागे घेणं हा त्यानंतरचा उपाय. विंडोजमध्ये अपडेटच्या इतिहासातून एकेक अपडेट काढता येतं, आणि नव्या मोठ्या आवृत्तीवरून जुनीवर परतायला सहसा दहा दिवसांची मुदत असते. म्हणूनच पायरी ५ ची तपासणी त्याच दिवशी करायची.

संगणक सुरूच होत नसेल तर सेफ मोड. तिथे बाहेरचे ड्रायव्हर बहुतेक झोपलेले असतात, म्हणून अडणारं साधन काढता येतं. रिकव्हरी की मागितली तर कागद काढा.

या काळात भलत्या ठिकाणाहून 'दुरुस्तीचं साधन' उतरवू नका. क्राउडस्ट्राइकच्या घटनेनंतर काही तासांतच खोट्या दुरुस्त्या देणाऱ्या साइट उभ्या राहिल्या होत्या. गोंधळलेला माणूस काहीही बसवतो, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं.

मग कंपनीला कळवा. 'चालत नाही' एवढंच लिहू नका. सिस्टिमची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक (त्या आवृत्तीचा नेमका क्रमांक), साधनाची आवृत्ती, कोणत्या अपडेटनंतर आणि किती वाजता बिघडलं, आयकार फाइल पकडली की नाही, आणि लॉग फाइल. एवढी माहिती दिली तर साचेबंद उत्तराऐवजी बहुधा खरं उत्तर येतं. मी माझ्या अकरा दिवसांचा लॉग पाठवला होता आणि सोबत एकच मागणी केली होती: पहारा बंद पडला तर ढालीचा रंग लाल करा. पुढच्या आवृत्तीपासून तो लाल होतो.